ऊन फुकट आहे, मग चंद्रपूरचा कोळसा अजून का जळतोय?

२०२५ च्या जूनअखेर देशातल्या सगळ्या वीजप्रकल्पांची मिळून क्षमता सुमारे ४८५ गिगावॉट झाली. त्यातली निम्मी क्षमता ऊन, वारा, पाणी आणि अणुऊर्जेवर चालणारी होती. हा टप्पा २०३० पर्यंत गाठू असं आपण जगाला सांगितलं होतं, तो पाच वर्षं आधीच गाठला. त्याच्या काही महिने आधी संपलेल्या २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशाने पहिल्यांदाच १०० कोटी टनांहून जास्त कोळसा काढला.

दोन्ही बातम्या खऱ्या आहेत. वाचणारा गोंधळतो आणि मग दोन तट पडतात. एक म्हणतो, सौरऊर्जा हा निव्वळ दिखावा आहे, देश कोळशावरच चालतो. दुसरा म्हणतो, ऊन फुकट आहे, कोळसा उद्याच बंद करा. या वादात घड्याळ आणल्याशिवाय दोघांनाही उत्तर देता येत नाही. वीज किती वाजता तयार होते आणि किती वाजता लागते, सगळं तिथे अडलं आहे.

क्षमता वेगळी, युनिटं वेगळी

क्षमता म्हणजे प्रकल्प पूर्ण जोरात चालला तर एका क्षणी किती वीज देऊ शकतो. ती मेगावॉटमध्ये मोजतात. हजार मेगावॉट म्हणजे एक गिगावॉट. आपल्या बिलावर असतात ती युनिटं. एक किलोवॉटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट पडतं.

एक मेगावॉटचा कोळशाचा संच दिवसरात्र पूर्ण भाराने चालला तर २४ हजार युनिटं देईल. देखभाल, बिघाड आणि मागणीतले चढउतार धरले तर प्रत्यक्षात १५-१६ हजार मिळतात. एक मेगावॉटचा सौर प्रकल्प आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार हजारांच्या आसपास युनिटं देतो. रात्री शून्य, आषाढातल्या ढगात थोडी, एप्रिलमध्ये भरपूर. म्हणजे कागदावर दोघांची क्षमता सारखी असली, तरी युनिटांत जवळपास चौपटीचा फरक पडतो.

म्हणूनच निम्मी क्षमता बिनकोळशाची झाली तरी २०२४-२५ मध्ये देशातल्या दर दहा युनिटांपैकी सातांहून जास्त कोळशाचीच होती. "निम्मी वीज हरित झाली" असा मथळा दिसला, तर तो क्षमतेबद्दल बोलतोय की युनिटांबद्दल, हे आधी बघावं.

वीज ताजीच लागते

वीज तयार होते त्याच क्षणी वापरली जावी लागते. लग्नाच्या पंगतीचा विचार करा. पोळी लाटली, भाजली, थेट ताटात. पोळ्यांचा डबा नाही, दुरडी नाही. जेवणारे अचानक वाढले तर त्याच क्षणी तवे वाढवायचे, कमी झाले तर त्याच क्षणी थांबवायचे. एक पोळी जास्त झाली तरी पंचाईत, कमी पडली तरी. राज्याची वीज अशीच सांभाळावी लागते, तीही उन्हाळ्यात ३० हजार मेगावॉटच्या घरात. ऐरोलीच्या भार प्रेषण केंद्रात बसलेले अभियंते दिवसरात्र एका आकड्यावर नजर ठेवून असतात: ५० हर्ट्झ. सेकंदाला ५० आवर्तनं, हा विजेच्या जाळ्याचा (ग्रिडचा) ठोका. मागणी वाढून पुरवठा कमी पडला की तो खाली जातो, पुरवठा जास्त झाला की वर. फार हलला तर स्वतःला वाचवण्यासाठी यंत्रं आपोआप जाळ्यातून सुटतात, आणि एक सुटलं की उरलेल्यांवर ताण वाढतो.

३० आणि ३१ जुलै २०१२ ला हे घडलं. वाहिन्यांवर प्रमाणाबाहेर भार आला आणि दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्य भारतातले ६० कोटींहून जास्त लोक अंधारात गेले. त्या वेळी आपल्या जाळ्यात सौर वीज नावापुरतीच होती. हे मुद्दाम सांगतो, कारण २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगालमधली वीज गेली तेव्हा पहिल्या तासाभरातच सगळा दोष सौरऊर्जेवर टाकला गेला. चौकशीत मुद्दा निघाला तो व्होल्टेज आवरण्याची व्यवस्था अपुरी पडल्याचा. जाळं कोसळतं ते नीट सांभाळलं गेलं नाही म्हणून. इंधन कोणतं, हा प्रश्न त्यानंतरचा.

खरी अडचण संध्याकाळी सातची

मे महिन्यातला दिवस घ्या. दुपारी दोनला एसी, कूलर, कारखाने सगळं जोरात, पण सौर प्रकल्पही जोरात. ३० मे २०२४ ला देशाची मागणी २५० गिगावॉटपर्यंत चढली, तो तेव्हाचा उच्चांक होता. ती दुपारची वेळ होती आणि सौर वीज मदतीला होती, म्हणून निभावलं.

सात वाजले की चित्र बदलतं. ऊन गेलेलं असतं, पण भिंती तापलेल्या असतात, त्यामुळे एसी चालूच. त्यात घरोघरी दिवे, टीव्ही, मिक्सर आणि दुकानांच्या पाट्या. तास-दोन तासांत हजारो मेगावॉट सौर वीज शून्यावर येते आणि मागणी जागेवरच राहते. ही पोकळी आज मुख्यतः कोळसा भरतो.

मग दुपारी कोळसा बंद ठेवून संध्याकाळी चालू करावा, असं कुणालाही वाटेल. ते जमत नाही. थंड पडलेला बॉयलर पेटवून पूर्ण भारावर आणायला कित्येक तास लागतात, सुरुवातीला महागडं तेल जाळावं लागतं, आणि रोजच्या तापण्या-निवण्याने नळ्या लवकर झिजतात. म्हणून दुपारी संच विझवत नाहीत, मंद ठेवतात. साधारण ५५ टक्के भाराच्या खाली सहसा नेत नाहीत. परिणाम असा की लख्ख उन्हातही कोळसा जळत राहतो आणि कधीकधी सौर प्रकल्पालाच "वीज कमी करा" असा निरोप जातो. राजस्थानात २०२५ मध्ये हे मोठ्या प्रमाणावर झालं. तिथे वीज बाहेर नेणाऱ्या उच्चदाब वाहिन्याच पुरेशा नव्हत्या. सौर प्रकल्प झपाट्याने उभा राहतो. वाहिनीला जमीन, परवानग्या आणि मनोरे लागतात, तिला कितीतरी जास्त काळ जातो. पॅनेलांच्या उद्‌घाटनाला गर्दी होते, वाहिनीच्या होत नाही. माझ्या मते आपल्या ऊर्जाधोरणातली ही सर्वांत महागडी ढिलाई आहे.

संध्याकाळच्या या तासांत महाराष्ट्राला कोयनेचा आधार आहे. पाण्याची जनित्रं काही मिनिटांत पूर्ण जोरात येतात, जे कोळशाला कधीच जमणार नाही. कोयनेची क्षमता १,९६० मेगावॉट. पण वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला किती पाणी वळवायचं यावर कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाची ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा आहे, त्यामुळे ते पाणी वर्षभर पुरवून वापरावं लागतं. वाऱ्याचीही साथ आहे, विशेषतः पावसाळ्यात. साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्या जून ते सप्टेंबरमध्ये सर्वांत जोरात फिरतात, म्हणजे नेमक्या तेव्हा, जेव्हा सौर प्रकल्प ढगांखाली असतात.

एक युनिट साठवायला किती पाणी लागतं?

कोळसा इतका का चिकटून बसला आहे, हे एका हिशेबाने कळतं. आपल्याकडच्या राखट कोळशातून एक युनिट काढायला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल इतका. हा कोळसा म्हणजे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलांनी साठवलेलं ऊन. जमिनीखाली दाबलं जाऊन ते घट्ट झालं. कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू यांना मिळून जीवाश्म इंधनं म्हणतात ती यामुळेच.

आता तेवढंच एक युनिट पाण्यात साठवायचं असेल तर? गच्चीवर असते तशी हजार लिटरची काळी टाकी डोळ्यांसमोर आणा. ती ४०० मीटर उंचीवर नेऊन ठेवली आणि तिचं सगळं पाणी जनित्रावर सोडलं, तर जेमतेम एक युनिट मिळतं. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालला तर त्यावर तासभरही टिकत नाही.

तरीही हे करता येतं, आणि महाराष्ट्रात होतंही. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या घाटघरला वर एक धरण आहे आणि खाली शहापूर तालुक्यातल्या चोंढे गावाजवळ दुसरं. मध्ये चारशे मीटरांहून जास्त उतार. मागणी कमी असते तेव्हा पंपाने पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज घ्यायची. याला उदंचन म्हणतात. घाटघरची क्षमता २५० मेगावॉट, भिऱ्याला १५० मेगावॉटचा असाच संच आहे. चढवताना लागलेल्या विजेतला पाचवा ते चौथा हिस्सा वाया जातो, पण दुपारची फुकट जाणारी वीज संध्याकाळी मिळत असेल तर हा सौदा फायद्याचा आहे.

सह्याद्रीचा कडा यासाठी देशातल्या उत्तम जागांपैकी एक आहे. भिवपुरीला १,००० आणि शिरवत्याला १,८०० मेगावॉटचे असे प्रकल्प आखले आहेत, आणखीही बरेच रांगेत आहेत. मात्र ही जागा पश्चिम घाटाची आहे. प्रत्येक वरचं तळं कुणाच्या तरी जंगलात, देवराईत किंवा पाड्याच्या जमिनीत येणार. हा आक्षेप खरा आहे आणि "हरित ऊर्जा आहे" एवढ्या उत्तराने तो मिटत नाही. जुन्या धरणांना जोडून जे प्रकल्प होऊ शकतात ते आधी घ्यावेत, असं मला वाटतं.

दुसरा मार्ग बॅटऱ्यांचा. मोबाइलमध्ये असते तशीच लिथियमची, कंटेनरभर. गेल्या दहा-बारा वर्षांत त्यांच्या किमती प्रचंड उतरल्या, म्हणून "सौर अधिक बॅटरी" अशा निविदा आता सर्रास निघतात. संध्याकाळचे दोन ते चार तास बॅटरी सांभाळू शकते. आठवडाभराचा पाऊस ती सांभाळू शकत नाही.

पाणी दुपारी दिलं तर?

वीज साठवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे ती साठवायची गरजच पडू न देणं. महाराष्ट्रात हे कसं होतंय ते बघण्यासारखं आहे, आणि शहरातल्या वाचकाला ते बहुधा ठाऊक नसतं.

राज्यात ४४ लाखांहून जास्त शेतीपंप आहेत. वर्षानुवर्षं त्यांना थ्री फेज लाईट आळीपाळीने मिळत आली, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की गव्हाला नाहीतर कांद्याला पाणी द्यायला डोक्याला बॅटरी बांधून, गमबूट घालून रानात जायचं. थंडीत बारं मोडायला, म्हणजे एका सरीतलं पाणी दुसरीत वळवायला, गुडघाभर चिखलात उभं राहायचं. पायाखाली साप असेल याची धास्ती, जुन्नर-आंबेगाव-संगमनेर पट्ट्यात बिबट्याची. कित्येकांनी मोटरीला लाईट आली की ती आपोआप सुरू करणारा ऑटो लावून झोपून घेतलं, आणि लाईट आल्यावर सगळ्या मोटरी एकदम सुरू होऊन डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाले.

पिकाला पाणी दुपारी मिळालं काय आणि मध्यरात्री मिळालं काय, फारसा फरक पडत नाही. विजेच्या जाळ्याला मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा गाभा हाच आहे. २०१७ मध्ये राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या कोळंबीपासून सुरुवात झाली, २०२३ मध्ये ती मोठ्या प्रमाणावर हाती घेतली गेली. गावाजवळच्या उपकेंद्राशेजारी सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज थेट शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतीपंपांना वीज नेणाऱ्या वाहिनीला, द्यायची. लांबच्या वाहिन्या लागत नाहीत, रात्रीची मागणी दिवसात येते आणि कोळशावरचा तेवढा भार कमी होतो. खासगी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आहे, दरवर्षी तीन टक्के वाढीने. पडीक मुरमाड रानाला एकरी ५० हजार मिळणं ही मोठी गोष्ट आहे. गायरानावर प्रकल्प आला तर मात्र मेंढपाळ आणि भूमिहीन यांची चराई जाते आणि भाडं त्यांच्या हाती पडत नाही. त्यांचा विरोध हा सौरऊर्जेला विरोध म्हणून मोडीत काढणं अन्यायाचं आहे.

हीच कल्पना आता घरांपर्यंत येते आहे. २०२३ च्या केंद्राच्या नियमांनुसार उन्हाच्या तासांतला दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी असायला हवा. स्मार्ट मीटर लागला की वॉशिंग मशीन, गिझर, पाण्याची मोटर दुपारी लावली तर स्वस्त पडावं, हा त्यामागचा हेतू.

"पण सौर वीज महाग पडते ना?"

दहा-बारा वर्षांपूर्वी पडत होती. मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडलाच्या लिलावात युनिटचा दर २ रुपये ४४ पैशांवर आला आणि तेव्हापासून नव्या सौर प्रकल्पाची दुपारची वीज नव्या कोळसा प्रकल्पापेक्षा स्वस्तच आहे. पण दुपारचं युनिट आणि संध्याकाळचं युनिट हा सारखा माल नाही. तुलना करायची तर साठवणुकीचा खर्च धरून करावी. तो धरल्यावर फरक कमी होतो, पण दरवर्षी पारडं सौरकडे झुकतं आहे.

आणखी एक बाब. वीजबिलात "इंधन समायोजन आकार" अशी एक ओळ असते. कोळसा महागला, आयात करावा लागला, की त्याचा बोजा त्या ओळीतून आपल्याकडे येतो. २०२१ च्या ऑक्टोबरात देशातल्या कित्येक केंद्रांत चार दिवसांचाही कोळसा उरला नव्हता. सौर प्रकल्पाचा दर साधारण २५ वर्षांसाठी ठरून जातो. उन्हाचा भाव कुणी वाढवू शकत नाही.

"पॅनेलांचाही कचरा होतोच की"

होतो, आणि तो कसा जिरवायचा याची यंत्रणा आपल्याकडे आत्ताच उभी राहायला हवी. पॅनेल बनवायलाही वीज लागते. ती पॅनेल साधारण वर्ष-दीड वर्षात परत करतं आणि पुढे वीस-पंचवीस वर्षं चालतं. याहून मोठी चिंता वेगळी आहे: पॅनेलच्या साखळीतल्या प्रत्येक टप्प्यावर जगातला ८० टक्क्यांहून जास्त वाटा चीनचा आहे. तेलासाठी आखातावर अवलंबून राहण्याचा अनुभव घेतलेल्या देशाने हे विसरू नये. फरक एवढाच की तेल रोज विकत घ्यावं लागतं, पॅनेल एकदा.

आणि कचऱ्याची तुलना करायचीच तर राखेशी करा. आपल्या कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते. दहा टन जाळले की तीन-चार टन राख उरते. काही सिमेंटात, विटांत जाते, बाकीची राखेच्या तलावात. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळ्याच्या तलावाचा बांध फुटला आणि राखेचा चिखल शेतांत, ओढ्यांत शिरला.

"इंग्रजांनी दीडशे वर्षं जाळला, आम्हीच का थांबायचं?"

हा प्रश्न रास्त आहे. कोळशावरची पहिली सार्वजनिक वीज लंडनमध्ये १८८२ साली निघाली, आणि ब्रिटनने शेवटचं कोळसा केंद्र बंद केलं ३० सप्टेंबर २०२४ ला. मधल्या १४२ वर्षांत तो देश श्रीमंत झाला. आपला माणशी वीजवापर आजही वर्षाला १,४०० युनिटांच्या आसपास आहे, जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी. आपल्याला अजून खूप वीज लागणार आहे आणि ती वापरण्याचा आपला हक्क कुणी नाकारू शकत नाही.

पण कोळसा कमी करण्याची आपली कारणं आपली स्वतःची आहेत. वीजकेंद्राला पाणी लागतं, युनिटमागे तीन लिटरच्या आसपास. २०१३ च्या दुष्काळात परळीचं केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. मराठवाड्यात जनावरं छावणीत आणि बॉयलर कोरडे, हे चित्र हवामान बदलाच्या कुठल्याही परिषदेपेक्षा जास्त सांगून जातं. अशी वर्षं पुढे वाढणार आहेत. पाणी हाच ज्याचा कच्चा माल, असा वीजपुरवठा अवर्षणप्रवण राज्याने वाढवत नेऊ नये.

"मग अणुवीज?"

ती रात्रीही चालते आणि तिचा धूर नाही, या दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत. तारापूर १९६९ पासून वीज देतंय. पण जैतापूरचा ९,९०० मेगावॉटचा प्रकल्प दीड दशकाहून जास्त काळ चर्चेतच आहे. येत्या दहा वर्षांची संध्याकाळ त्याच्या भरवशावर सोडता येणार नाही.

आणि चंद्रपूर?

चंद्रपूरचं केंद्र २,९२० मेगावॉटचं, राज्यातल्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक. उद्या ते बंद केलं तर पहिल्याच संध्याकाळी राज्यात लोडशेडिंग सुरू होईल. म्हणून ते टप्प्याटप्प्यानेच उतरवावं लागेल: जितके तास साठवण आणि दुपारची शेती उचलतील, तितके तास कोळशाचे कमी. सर्वांत जुने, जास्त कोळसा खाणारे संच आधी.

मुंबई-पुण्याच्या एसीसाठी काळी धूळ अंगावर घेणारी माणसं तिथे राहतात. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळीचे ठिपके त्यांना रोज दिसतात. त्याच शहराचं बाजारहाट, ट्रकवाले, खाणावळी, भाड्याच्या खोल्या मात्र कोळशावर उभ्या आहेत. संच बंद झाला की कायम कामगाराची बदली होते. कंत्राटी कामगाराची होत नाही, टपरीवाल्याचीही नाही.

जुन्या केंद्राकडे तयार उच्चदाब वाहिन्या, उपकेंद्र, जमीन आणि यंत्रं जाणणारी माणसं असतात. बॅटरीच्या साठवण केंद्राला नेमकं हेच लागतं. निवृत्त होणाऱ्या प्रत्येक संचाच्या जागी काय येणार, त्यात स्थानिक कंत्राटी कामगारांना किती जागा, आणि राखेचा तलाव कोण व कधी साफ करणार, हे संच बंद होण्याच्या निदान पाच वर्षं आधी लेखी जाहीर व्हायला हवं. चंद्रपूर आणि नागपूरजवळच्या कोराडी कोळसा केंद्राच्या परिसरातल्या लोकांनी पुढच्या जनसुनावणीत हाच कागद मागावा.